तात्यांचा गुडघा आणि माझा सीडी ड्राइव्ह

तात्यांचा गुडघा कापायचा की नाही, हे ठरवायची जबाबदारी आमच्या घरात माझ्यावर आली. कारण मी बारामतीत कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. (डॉक्टरकीचा नव्हे. पण आमच्या वरकुट्यात एवढं कोण बघतं!)

तात्या म्हणजे माझे वडील. आदल्या दिवशी बारामतीत त्यांचा एमआरआय काढला, तिथं एक सीडी मिळाली. ती दुपारी इंदापूरच्या डॉक्टरांना दाखवायची होती. पण तात्या अडून बसले.

"आधी तू बघ. कापायचं दिसलं तर मी जातच न्हाय. मग डाळिंबात कोण फिरणार, तुझा बाप?" (तोच तर बोलत होता!)

बायको भाकरी थापत म्हणाली, "डॉक्टर बघणारच हायत की. तुमाला गुडघ्यातलं काय कळतंय?"

अशा शंकांकडे तज्ज्ञ माणसं लक्ष देत नसतात. मी सीडी घातली. ड्राइव्ह घुर्र करून गप्प. काढली, धोतराला पुसली (धोतर तात्यांचं), परत घातली. परत गप्प. मग भजनाची सीडी घातली, तर टाळ-मृदंगासकट खणखणीत!

तात्यांचा चेहरा उतरला. "भजन वाजतंय, मग माझा गुडघाच का न्हाय दिसत? लईच बिघडलाय म्हनायचा."

"गुडघा न्हाय हो, ड्राइव्ह! आतल्या भिंगावर धूळ बसलीय."

"मग हवा मार की. ह्यो घे फवारणीचा पंप. रिकामाच हाय."

सल्ला मला भलताच शास्त्रीय वाटला. ड्राइव्हचं तोंड उघडलं, पंपाची नळी आत घातली अन् चाप ओढला. त्या 'रिकाम्या' पंपातून कालच्या बोर्डो औषधाचा असा निळाशार फवारा सुटला, की डाळिंबावरसुद्धा माझ्या हातून कधी इतका एकसारखा बसला नव्हता!

"तात्या, रिकामा होता ना?"

"रिकामाच की. एका झाडापुरतं असंल."

तरी माझा उत्साह बघा! फडक्यानं पुसून लगेच सीडी घालून पाहिली. ट्रे आत गेला, खट् झालं, घरातली वीज गेली अन् तात्यांचा गुडघा आतच अडकला.

"आता रं?" तात्यांचा आवाज रडवेला झाला. सीडीच नाही, तर डॉक्टर बघणार काय?

शेवटी अख्खा सीपीयूच न्यायचं ठरलं. मोटरसायकलवर पुढं मी, मागं तात्या, त्यांच्या मांडीवर सीपीयू. बायकोनं दारातून हात जोडले. देवाला की आम्हाला, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

निळे थेंब गाळणाऱ्या त्या डब्याकडं बघून डॉक्टर म्हणाले, "हे काय आणलंय?"

"गुडघा हाय," मी म्हणालो. "आत अडकलाय."

"अहो, फोटो मला कालच मोबाईलवर आलेत! कापायचं काही नाही. गोळ्या घ्या, रोज थोडं चाला. वजन तेवढं उचलू नका."

माझा जीव भांड्यात पडला. तात्यांनी तर तिथल्या तिथं सीपीयू माझ्या हातात दिला, परतीला गाडीही स्वतःच घेतली. मी मागं, डबा मांडीवर.

दवाखान्यासमोरच्या बाजारात त्यांच्या दोस्तानं हटकलं, "का वं तात्या, दवाखान्यात? काय झालं?"

"मला काय धाड भरलीय! पोराचं डोकं बिघडलं हुतं," तात्यांनी अंगठा मागं केला. "डॉक्टरनं काढून मांडीवर दिलंय."