मोठ्या डोळ्यांची मंडळी

त्या वर्षी लातुरात पाणी साठत नव्हतं, किस्से मात्र साठत गेले. पाण्याला टाकी लागते, पिंप लागतं, घागर लागते. किस्स्याला काय, चार येडी माणसं आणि रविवारची दुपार, बास!

येडी माणसं म्हणजे आम्हीच. मी वंदना, औसा रोडला माझं फ्लेक्सचं दुकान. वरच्या खोलीत मशीनसाठी एसी लावलेला, त्यामुळे बैठक तिथंच. शबाना उदगीरची, लग्नाघरी मेंदी काढायची. बालाजी किल्लारीचा, त्या उन्हाळ्यात शहरात पाण्याचा टँकर चालवायचा. आणि नागसेन लोह्याचा, नांदेडला डोळ्यांच्या दवाखान्यात टेक्निशियन. तो दर रविवारी यष्टीनं यायचा. खिशात पेनड्राइव्ह, पेनड्राइव्हमध्ये जपान!

ॲनिमेचं, म्हणजे जपानी चित्रमालिकांचं, वेड होतं आम्हाला. कार्टून म्हटलं की शबाना चिडायची, म्हणून ॲनिमेच म्हणते. गोष्ट काय आहे याच्याशी आमचं फारसं देणंघेणं नव्हतं. माणूस कसा काढलाय ते बघायचं आणि ठरवायचं, पुढं बघायचं की नाही. बाहेर रस्त्यावर घागरींची रांग, आत पडद्यावर कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी हलायचं. दोन पांढरे ठिपके आणि एक निळी छटा, एवढंच असतं ते. पण आम्ही चौघं पडद्याकडं सरकायचो.

*

नागसेनला अर्धं तोंड डोळ्यांनीच भरलेलं लागायचं. नाक म्हणजे टिंब, ओठ म्हणजे एक रेघ. असली माणसं असतील तरच तो बघणार. की-चेन त्यांचेच, वहीवर स्टिकर त्यांचेच.

एकदा दवाखान्यात मोतीबिंदूच्या एका आज्जीची पट्टी सोडायला हा गेला. कापूस काढला, ड्रॉप टाकले. आज्जींनी हळूच डोळा उघडला. समोर नागसेनचा खिसा, खिशाला लटकलेली की-चेनवरची पोरगी. हिरवेगार, टपोरे डोळे!

आज्जी बघतच राहिल्या. मग डॉक्टरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हिचं आपरेशन कुणी केलं? मला तिकडं न्यायचं व्हतं की!"

*

शबाना डोळे बघायचीच नाही. ती बघायची हात.

"चित्रकाराला बोटं काढता येतात का ते बघ आधी," म्हणायची. पहिल्याच भागात हिरोनं हात खिशात घातले की विषय संपला. "हात छुपाया, मतलब आता नहीं उसको!" लांब बोटं, बारीक रेघ, कमरेपर्यंत मोकळे केस असली चित्रं तिच्याकडं फाइलभर होती. तिच्या मेंदीत ती कधी उतरायला लागली, तिलाही कळलं नाही.

उदगीरच्याच एका लग्नात नवरीनं हौसेनं सांगितलं, "तळहातावर दुल्हा काढा." शबाना तल्लीन झाली. मेंदी वाळली आणि बघितलं तर तळहातावर तलवारवाला, वाऱ्यावर केस सोडलेला असा देखणा गडी उभा!

सासूबाई आल्या. हात उजेडात धरला. "ये कौन है?"

"दुल्हा," शबाना म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

सासूबाईंनी मांडवात बसलेल्या आपल्या पोराकडं बघितलं. त्याच्या टकलावर ऊन चमकत होतं. मोठा श्वास घेऊन म्हणाल्या, "इत्ते बालां! आधे भी होते ना बच्चे को, तो दो साल पहले हो जाती शादी!"

*

बालाजीला गोड काही चालत नव्हतं. जाड रेघ पाहिजे, विळ्यानं कापल्यासारखी हनुवटी पाहिजे, भुवया जुळलेल्या पाहिजेत. असला एक चेहरा त्यानं माझ्याकडून मोठा छापून घेतला आणि टँकरच्या मागं चिकटवला.

पंधरा दिवसांत तो सांगत आला, "ताई, बाया भांडायच्या थांबल्यात! नळी सोडली की समोर हे तोंड. एकदम चिडीचूप."

आम्हाला खरं वाटेना. शबाना म्हणाली, खात्री करून बघू. मग त्या जागी नागसेनच्या पसंतीची एक गुलाबी केसांची, टपोऱ्या डोळ्यांची, गोड हसणारी पोरगी लावली. दुसऱ्याच दिवशी गल्लीत घागरींची आदळआपट! बालाजीनं मधी पडून विचारलं, "अवो मावशी, झालं काय?"

मावशीनं टँकरकडं बोट केलं. "तिला काय होतंय हसायला! तिला कुठं भरायचंय पानी!"

संध्याकाळपर्यंत जुळलेल्या भुवया परत जागेवर आल्या.

*

आता माझा किस्सा. त्याच उन्हाळ्यात आमच्याकडं नव्या जिल्ह्याची बोलणी जोरात होती. ह्या तालुक्याचा जिल्हा करा, नाही त्या तालुक्याचा करा. रोज एक फ्लेक्स. त्या दिवसांत मी रंगीत पाण्यासारख्या पसरट, फिकट चित्रांच्या नादी लागले होते, ज्यांत माणसाला नाकच नसतं, नुसती एक सावली. एका पुढाऱ्यांचा फोटो साफ करता करता हात कसा गेला कुणास ठाऊक. डोळे वाढले, गाल गुळगुळीत झाले, नाक गेलं.

फ्लेक्स चौकात लागला तसे ते स्वतः दुकानात आले. रागावलेले नव्हते, दुखावलेले होते.

"बाई, डोळे लई झकास काढले तुम्ही. पण जिल्हा मिळायच्या आधीच नाक कापलं की हो आमचं!"

मी दुसरा करून दिला. नाकासहित. पण जीव भरेना, म्हणून त्यांच्या मागं आभाळ घातलं. ॲनिमेतलं आभाळ. उंचच उंच पांढरे ढग, निळाई अशी की बघणाऱ्याला गार वाटावं.

तो फ्लेक्स लागला आणि एक गंमत झाली. लोक येता-जाता थांबायला लागले. पुढाऱ्यांकडं कुणी बघत नव्हतं, सगळे मागचे ढग बघायचे. एक म्हातारबाबा सायकल टेकवून बराच वेळ उभे होते. मी तिथंच होते.

"पोरी, हे ढग कुठले गं?"

"जपानचे, बाबा."

त्यांनी मान हलवली. "मग येतेत. लांबचा पल्ला हाय, टाइम लागंल."

*

नागसेननं एकदा फिगर मागवली. म्हणजे प्लास्टिकची, वीतभर उंचीची बाहुली. तो तिला बाहुली म्हणू द्यायचा नाही. फोटोत डोळे बघून त्याचा जीव जडला होता. खोकं आमच्यासमोरच उघडलं. वेष्टनाचा शेवटचा कागद निघाला. फिगर तिरळी! एक डोळा आमच्याकडं, दुसरा एसीकडं.

"परत पाठव," बालाजी म्हणाला.

नागसेननं तिला उजेडात धरून दोन्ही बाजूंनी नीट तपासलं. "आमच्यात तिरळं म्हणून पेशंट परत पाठवत न्हाईत," म्हणाला आणि तिच्या चांगल्या डोळ्यावर पांढऱ्या टेपची बारीक पट्टी लावली. लहान लेकरांना लावतात तशी, दुसऱ्या डोळ्याला काम लागावं म्हणून.

महिन्याभरानं मी हसत विचारलं, "काय म्हणतोय पेशंट?"

तो हसला नाही. "फरक हाय," म्हणाला.

*

आणि हा किल्लारीचा.

एका रविवारी बालाजी ॲनिमे बघायला आला, पण बघेना. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "ताई, तू समद्यांचे फोटो करतीस. माझ्या बापाचा करशील?"

"आण की जुना फोटो."

"न्हाई ना. भूकंपात घर गेलं, बाप गेला, फोटोबी गेला. मी लई बारका होतो, तोंडच आठवत न्हाई. आईला आठवतंय."

पुढच्या रविवारी आम्ही चौघं जीपनं किल्लारीला गेलो. नव्या गावठाणातलं घर, दारात कडुनिंब. मावशींनी, म्हणजे बालाजीच्या आईनं, चहा दिला आणि त्या भिंतीला टेकून बसल्या. मी लॅपटॉप उघडला. त्या सांगायच्या, मी काढायची. रंग सावळा. कपाळ मोठं. मिशी बारीक. मी जीव ओतून सावल्या भरल्या, अगदी फोटोसारखं केलं.

मावशींनी बघितलं. "मिशी बराबर हाय. पर हे कोण?"

पुन्हा केलं. "ह्यो तर तलाठी दिसायलाय." तिसऱ्यांदा केलं, तेव्हा त्या नुसत्याच माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, बाई. दमलीस."

मग शबानानं कागद घेतला. बारीक रेघेत, जपून काढलं. मावशी लाजल्या. "लई देखणे केलेस गं. एवढे नव्हते." बालाजी उठून कडुनिंबाखाली जाऊन उभा राहिला.

मग नागसेन पुढं सरकला. त्यानं पेन्सिल घेतली आणि चार-पाच रेघांत त्याला येतं तसंच काढलं. अर्धं तोंड डोळे, टिंबाचं नाक, वर बारीक मिशी. बालाजीनं आत येऊन मागून वाकून बघितलं आणि त्याचा आवाज चढला. "बाप हाय माझा! चेष्टा लावलीस का?"

मावशींनी कागद हातात घेतला. लांब धरला. जवळ आणला. परत लांब धरला. मग दुसऱ्या हातानं डोक्यावरून पदर घेतला आणि नीट सावरून बसल्या.

नागसेननं दवाखान्यात विचारतो तसं हळू विचारलं, "मावशी, एवढे मोठे डोळे होते त्यांचे?"

"न्हाई रे, लेकरा," मावशी कागदावरची नजर न काढता म्हणाल्या. "पर माझ्याकडं बघताना व्हायचे."