ग्योतोकुतली फोडणी
हिंगाची डबी उघडली की अजून माझं डोकं फिरतं. टोकियोशेजारचं ग्योतोकु हे उपनगर इतकं शांत, की लोक सायकलची घंटासुद्धा जपून वाजवतात. तिथे एका संध्याकाळी मी आमटीला हिंगाची फोडणी दिली, तर थोड्याच वेळात दारात हेल्मेट घातलेले दोन गॅसवाले हजर! शेजारच्या आजींनी गॅस गळतोय म्हणून कळवलं होतं. "अहो, खायचं असतं हे!" मी मराठीतच ओरडले आणि डबी पुढे केली, तसा एकजण झटकन मागे सरला. आजी कमरेत वाकून इतकी माफी मागत राहिल्या, की मेलं धड भांडताही येईना. आणि परवा पुण्यात आईने फोडणीत हिंग टाकला, तर मीच धावत जाऊन गॅस बंद केला.