दहा चाकांवरचा खडू

मंडळी, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमचं घर बुद्धाचं, अंगारे-धुपारे सासऱ्यांच्याच काळात बंद झाले. म्हणून हे लिहितानाही मलाच कसंतरी वाटते.

मारेगावात रोडला लागून आमचं टायरचं दुकान. निलेशचे बाबा जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून मीच पाहते. त्यांची एक पद्धत होती... आधी टायर लाकडी ठोकणीनं ठोकून आवाज ऐकायचा, मग हवा भरायची, भरली की हवेच्या वॉलजवळ खडूनं बरोबरची खूण. शाळा पाहिली नव्हती, त्यामुळे ती खूण उलटी निघायची. ड्रायव्हर लोक हसायचे, तेही हसायचे. पण एका गोष्टीवर मात्र रागवायचे — गरम टायरची हवा सोडायची नाही. लोडनं, उन्हानं हवा मोजायचा काटा चढतोच, टायर थंड झालं की उतरतो. गरम असताना सोडली तर मागाहून हवा कमी पडते, लोडखाली टायर आणखी तापते... आणि फुटते.

या मे महिन्यात माझा निलेश दिग्रसहून कापसाच्या गाठी भरून आला. दहा चाकी ट्रक, दुपारचा एक. विजेची लाइन सकाळपासून गेलेली, कॉम्प्रेसरची टाकी रिकामी. गुडघ्यांनी जीव नकोसा केलेला, मी दारातल्या बाजेवर पडली होती. तो आत आला.

"माय, काटा एकशेतीसवर गेलता. सोडून एकशेदहावर आणली. दहाही."

मी डोळे मिटूनच "बरं" म्हटलं. थकली होती हो...

तो माझ्याजवळच जेवायला बसला. बाहेर ठप्... ठप्... आवाज. असेल कोणी गिऱ्हाईक, म्हटलं. दहा वेळा वाजलं. उठली नाही.

तो गेला. संध्याकाळी भांडी घासताना डोक्यात आलं, आपण कशाला "बरं" म्हटलं ते. हात तसेच राहिले. फोन लावला, लागेना. रात्रभर एकच — कुठं तरी टायर फुटलं, ट्रक उलटला.

सकाळी त्याचाच फोन आला. मुकुटबनला मुक्काम केला होता, निघायच्या आधी काटा लावून पाहिला म्हणे.

"माय, तू हवा भरली काय?"

"कायनं भरू? लाइन तं रात्री आली."



"टायर थंड हायेत. दहाही एकशेदहा. आन् वॉलपाशी खडू हाये."

"कसा?"

"उलटा."

काटा बिघडला असेल म्हणून त्यानं दुसऱ्या ड्रायव्हरच्या काट्यानं पाहिलं. तेवढीच. गरमात एकशेदहावर आणलेली हवा थंड झाल्यावर नव्वदीवर यायला पाहिजे होती. कोणी मस्करीत खडू ओढला असं धरलं, तरी हवा कुठून आणली?

ह्यांचा खडूचा डबा ते गेल्यापासून फळीवर बंद आहे. वाटते, उघडून पाहावा. मग राहू देते... काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. त्या दुपारी उठायचं काम माझं होतं, आणि मी उठली नाही, एवढंच मला ठाऊक आहे.