नऊचा मेसेज

आमच्या घरातल्या कुठल्याही फॉर्मवर मोबाईल नंबर माझाच असतो. गॅसचा असो, रेशनचा असो, नाहीतर पुतणीच्या लग्नाच्या हॉलचा. नवऱ्याचं म्हणणं, "तुह्याजवळचा फोन हरवत नाही अन् तू उचलतेही." याला कौतुक म्हणायचं की कामचुकारपणा, ते तुम्हीच ठरवा. पण या सवयीपायी माझ्या हातून असं काही घडलं, जे लग्नाच्या अठ्ठावीस वर्षांत कधी घडलं नव्हतं.

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, पारशिवनीकडच्या आमच्या गावात एकटेच राहतात. जाऊबाई गेल्या, मुली आपापल्या घरी नांदताहेत. भासऱ्यांच्या डाव्या पायाचा अंगठा काळा पडला तेव्हा नवरा त्यांना नागपूरला दवाखान्यात घेऊन आला. डॉक्टरांनी पाय पाहिला, मग खिशातून डोकावणारं बिडीचं बंडल पाहिलं, अन् सरळच सांगितलं. बिडी सुटली तर पाय वाचेल. नाही सुटली तर आधी अंगठा जाईल, मग पाऊल, अन् पुढचं विचारू नका. तिथल्याच एका ताईनं बिडी सोडवायला मदत करणाऱ्या मेसेजसाठी त्यांचं नाव लिहून घेतलं आणि मोबाईल नंबर विचारला. नवऱ्यानं सवयीनं माझा सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी गवार निवडत बसले होते, तर फोन टुणकन वाजला. 'नमस्कार. आज तुमचा बिडीशिवायचा पहिला दिवस. तुम्हाला हे नक्की जमेल.' आता गं बाई! मी कधी बिडी ओढली?

नवरा पहाटेच कंपनीच्या बसनं कळमेश्वरला जातो आणि तिथे फोन गेटवरच जमा करून घेतात. म्हणून मी तो मेसेज भासऱ्यांना पुढे पाठवून दिला अन् मोकळी झाले. संध्याकाळी नवऱ्यानं गावातल्या एकाच्या फोनवर त्यांना गाठलं तर कळलं, त्यांच्या बटणाच्या फोनवर मराठी अक्षरं उमटतच नाहीत. नुसते चौकोनच चौकोन.

"तं तूच वाचून दाखव नं सकाळी नऊले फोन लावून, मी त्यायले सांगून ठेवलं," नवरा मोजे काढत म्हणाला, जसं काही शेजारणीला हळदीकुंकवाला बोलवायचं होतं.

"मी? भासऱ्यांशी बोलू?"

आमच्याकडे धाकटी सून भासऱ्यांशी बोलत नाही. समोर आले की डोक्यावर पदर घ्यायचा, ताट ठेवून आत वळायचं. काही सांगायचंच असलं तर दाराआडून, तेही तिसऱ्या कुणाला तरी उद्देशून. 'म्हणावं, भाकरी गरम आहे.' तिकडून उत्तर, 'म्हणा, पुरे.' हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत पाण्याच्या टँकरवाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळे माझ्या तोंडाला घाबरतात. पण गावी गेले की अठ्ठावीस वर्षं मी मुकी. त्यांना हाक काय मारायची, हेही मला ठाऊक नव्हतं.

दोन दिवस मी टाळलं. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, 'आज बिडी ओढली का? हो असेल तर १ पाठवा, नाही असेल तर २.' आता याचं उत्तर मी काय माझ्या मनानं द्यायचं? स्वयंपाकघरात एकटीच होते, तरी डोक्यावर पदर घेतला अन् फोन लावला. पहिली रिंग पुरती वाजायच्या आत त्यांनी उचलला. मी रेडिओवरच्या बातम्यांसारखा मेसेज वाचला. पलीकडे नुसतं वारं ऐकू येत होतं.

मग ते खाकरले. "मेसेजवाल्याले म्हणा, पाच झाल्या."

बरं झालं! आम्हाला मध्ये तिसरा माणूस मिळाला. मी म्हणायचे, "मेसेजवाला विचारते, जेवणावर काय केलं?" ते म्हणायचे, "त्याले सांगा, जेवणावर बडीशेप खाल्ली, पण मन नाही भरलं." पाचाच्या तीन झाल्या. तिनाची एक. मेसेज असे गोड, की मलाच लाज वाटायची. 'स्वतःवर रागावू नका. आज एक दिवस पुढे गेलात, शाब्बास.' अशा आवाजात मी या जन्मात कुणाशी बोलले नव्हते, नवऱ्याशी तर नाहीच.

पण स्वभाव कुठे जातो? एका सकाळी त्यांनी सांगितलं, शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसून दोन बिड्या पेल्या. माझा पाराच चढला. मी वाचल्यासारखं करून म्हटलं, "पायापेक्षा बिडी प्यारी असन तं तसं सांगा, म्हणजे आमच्या जिवाले घोर नाही."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. त्यांना हसताना मी पहिल्यांदा ऐकलं. "आज मेसेजवाला लई तापला वाटते," ते म्हणाले. त्यानंतर मधूनमधून मी पदरचं घालू लागले. त्यांनी ते चालवून घेतलं. पुढे तर सलग अकरा दिवस मी '२' पाठवला.

आणि मग फोन उचलणं बंद झालं. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. रिंग पुरी वाजायची अन् थांबायची. नवऱ्यानं गावातल्या एकाला विचारलं तेव्हा कळलं. भासऱ्यांचा लहानपणापासूनचा मित्र वारला होता. तेरवीला आलेल्या मंडळींत ताट फिरलं, त्यात सुपारी, बिडीचं बंडल अन् माचिस. आमच्याकडे दुःखाच्या घरचं ताट परत लोटत नाहीत, घरच्यांच्या जिवाला लागतं. भासऱ्यांनी एक घेतली. मग घरी येऊन बंडल संपवलं.

"रविवारी जाऊन येऊ," नवरा म्हणाला.

"रविवारपर्यंत अंगठा थांबते का तुमच्या भावाचा?" मी त्याच्यावरच खेकसले. सकाळी तो बसमध्ये चढला अन् मी दुसऱ्या बसमध्ये.

वाटभर मला एकच आठवत होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी माझे वडील गेल्याचा निरोप आला. नवरा परगावी होता. भासऱ्यांनी एका शब्दानं काही न विचारता बैलबंडी जुंपली. मी मागे बसले, तोंडावर पदर ओढून, कारण ते समोर. गावाबाहेर आल्यावर ते खाली उतरले, बैलांचा कासरा धरला आणि माझ्या माहेरापर्यंत पुढे पायी चालत राहिले. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मला तोंड उघडं ठेवून रडता यावं म्हणून. हे मला त्या दिवशी कळलंही नव्हतं, दोन-तीन वर्षांनी भाकरी थापता थापता एकदम कळलं. अन् कळूनही सांगायची सोय नव्हती.

गावात उतरले. पाण्याच्या टाकीशी एक ओळखीची बाई भांडी भरत होती. मला पाहून म्हणाली, "तुमचे भासरे बरे आहेत नं वं? तीन दिवसांपासून येतात, फोन वाजते, तं पाहात बसतात नुसते अन् घरी जातात."

"इथं काहून येतात?"

"घराकडे रेंज कुठे हाय? रोजच येतात नवाच्या आधी. बसतात ओट्यावर, फोन हातात घेऊन."

टाकीपासून आमचं घर पार गावाच्या दुसऱ्या टोकाला. काळा पडलेला अंगठा घेऊन हा माणूस रोज तेवढं चालत यायचा, माझ्याकडून चार ओळी ऐकायला. अन् मी तिकडे पंख्याखाली बसून त्यांना रागवत होते. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या.

ते अंगणात बाजेवर बसले होते, पाय पाटावर ठेवून. मला एकटीला पाहून गडबडले, उठू लागले. मी पदर डोक्यावर घेतला, फोन काढला अन् दारातूनच सुरू केलं.

"मेसेजवाला म्हणते, एकदा चुकलं म्हणजे सगळं गेलं असं नाही. म्हणते, आजपासून पुन्हा पहिला दिवस धरा. म्हणते, लाज काहून वाटू द्यायची, घरच्या माणसांपासून..."

ते माझ्या हाताकडे पाहत होते. फोनची बॅटरी बसमध्येच संपली होती. मी काळ्या काचेवरून वाचत होते.

"मेसेजवाल्याले राहू दे आता," ते म्हणाले. अगदी हळू. "तू बोल, माय."

अठ्ठावीस वर्षांत त्यांनी मला कशानंच हाक मारली नव्हती. ना सूनबाई, ना बाई. माझा पदर खांद्यावर आला तो मी तसाच राहू दिला.

"माह्या बापाच्या वेळी तुम्ही पायी चालले," मी म्हटलं. "मी रडली सारी वाट, अन् तुम्ही मागं नाही पाहिलं. मले तो पाय पाहिजे. तो कापून नेला तं मी कोणाले सांगू की मले सारं माहीत होतं म्हणून?"

त्यांनी खाली पाहिलं. खिशातून नवं, अर्धं उरलेलं बंडल काढलं अन् माझ्या हातावर ठेवलं. मग दोघंही रडलो, तोंडं न झाकता.

त्यानंतर एकदाही चुकले नाहीत असं नाही, पण चुकले तर दुसऱ्याच सकाळी सांगितलं. अंगठ्याचं टोक गेलं, पाय राहिला. मेसेज तर केव्हाच संपले. शेवटच्यात 'अभिनंदन, आमचा कार्यक्रम इथे पूर्ण झाला' असं होतं, तेही मी त्यांना वाचून दाखवलं. "त्याचा झाला असन," ते म्हणाले.

रोज नऊला मी फोन लावते. पदर घेत नाही. ते टाकीपर्यंत चालत आलेले असतात, थोडी धाप लागलेली असते. आणि फोन उचलून रोज एवढंच म्हणतात, "बोल, माय."