पापुद्र्याची मागची बाजू

माझा मेहुणा गेल्या हिवाळ्यात गेला. बायकोचा धाकटा भाऊ. सत्तावीस वर्षं त्यानं लोकांच्या गॅरेजचे कोबे घासले. कामावर सगळे त्याला घासू म्हणायचे. हे नाव ऐकल्यावर माझी बायको इतकी हसली होती की डोळ्यांतून पाणी आलं. "शाळेत एक पुस्तक घासलं नाहीस, आणि आता घासू!" तो म्हणाला, "ताई, पुस्तक घासलं असतं तर फाटलं असतं."

आमचं काम आधी सांगतो. आमच्याकडे पाच महिने बर्फ असतो. तो वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. गाडी घरी येते ती चाकांना आणि पोटाला हे खारं पाणी घेऊन, आणि गॅरेजमध्ये गळत राहते. ते पाणी काँक्रीटच्या बारीक छिद्रांत शिरतं, गोठतं, फुगतं, पुन्हा वितळतं. चार-पाच हिवाळ्यांत कोब्याचे टवके उडायला लागतात. उन्हाळाही तितकाच कडक. मग तापलेली चाकं उरलंसुरलं उपटतात. म्हणून आम्ही कोबा घासून त्यावर कोटिंगचे तीन थर द्यायचो. थर नीट बसला तर मीठ-पाणी आत जात नाही.

लोकांना चकचकीत वरचा थर दिसतो. पण खरं काम त्याच्या खाली असतं. कोब्यावर सिमेंटची एक पातळ साय असते, जुनं तेल असतं. ते खरवडून बारीक ओरखडे उमटवले नाहीत तर कोटिंगला धरायला काही राहत नाही. घासायचं मशीन नव्वद किलोचं, खाली हिऱ्याचे दात बसवलेली चकती. ढिलं धरलं की ते माणसाला ओढत नेतं. बाकीचे लोक एक फेरी मारायचे. घासू दोन मारायचा, एक लांबीनं, एक रुंदीनं. भिंतीलगत मशीन पोचत नाही, तिथे बाकीचे दोन बोटं जागा सोडून द्यायचे. घासू गुडघ्यावर बसून हातमशीननं थेट भिंतीपर्यंत जायचा. मग धूळ ओढून घ्यायचा आणि शेवटी कोब्यावरून तळहात फिरवायचा. हात पांढरा झाला की पुन्हा झाडायला सुरुवात. दोन गाड्यांच्या गॅरेजला त्याला सहा तास लागायचे. दुसऱ्या कुणाला साडेतीन. मी टोळीचा मुख्य होतो आणि थर देणं माझ्याकडे होतं. त्याच्या हातच्या कोब्यावर थर दिला की तो कोब्याला कसा धरतो, हे मला थर ओढायच्या पट्टीखाली कळायचं.

त्याची आणखी एक सवय होती. खिशात हाताएवढा आरसा. थर देण्याआधी तो आरसा अर्धा तास कोब्यावर ठेवायचा. कोब्याइतका गार झाला की उचलून बघायचा. आरशावर वाफ धरली असेल तर कोब्यावरही धरलेली असते, फक्त करड्या काँक्रीटवर ती दिसत नाही. आणि ओल्या कोब्यावर थर बसत नाही. ही युक्ती कुठल्या पुस्तकातली नव्हती. त्याची स्वतःची होती.

"काय घासू, मुलगी बघायला निघालास?" आमच्या टोळीतला रंग कालवणारा रोज विचारायचा.

"नाही, तुझा चेहरा दाखवतोय कोब्याला. घाबरून कोरडा होतो."

त्याच्या नोकरीच्या बाराव्या वर्षी मालकानं सांगितलं की पुढच्या मोसमापासून दुसरी टोळी काढायची, आणि तिचा मुख्य घासू. अट एकच. हा मोसम तक्रारीशिवाय पार पडला पाहिजे. घासूनं हे घरी येऊन ताईला सांगितलं तेव्हा मी समोर होतो. त्याला स्वतःची टोळी हवी होती. सगळ्यांकडून दोन फेऱ्या मारून घेईन, म्हणाला. दुसरं काही त्यानं मागितल्याचं मला आठवत नाही.

मोसमातलं शेवटचं काम एका निवृत्त शिक्षिकाबाईंचं होतं. बर्फ पडायच्या आत त्यांना गाडी आत लावायची होती. घासूनं सकाळी घासायला घेतलं, दुपारी संपवलं. कोबा गार होता. थराला ऊब लागते. आमचे विजेचे दोन्ही हीटर दुसऱ्या कामावर गेले होते. मी गाडीतून गॅसचा हीटर काढला, तोंडातून ज्वाळा फेकणारा. थर द्यायच्या जागी तो लावायचा नाही, असा मालकाचा नियम होता. मी लावला. हवा तासाभरात गरम झाली.

घासूनं आरसा उचलला.

"भाऊजी, धुरकटलाय."

"हात लावून बघ. कोरडा आहे."

"हाताला नाही कळत. गॅस जळताना वाफ सोडतो. ती सगळी खाली बसलीय. हीटर बंद करा, दार उघडा. उद्या विजेचे आणू."

"उद्या बर्फ सांगितलाय."

"मग बर्फ गेल्यावर करू."

"आणि बाईंना काय सांगू? आरसा नाही म्हणाला?"

रंग कालवणारा हसला. मीही हसलो. घासू हसला नाही. त्यानं आरसा बाहीला पुसला, खिशात टाकला. "एक दिवस, भाऊजी," म्हणाला. मी बादली उचलली. मग तो म्हणाला, "तुम्ही मुख्य आहात," आणि कडेला झाला.

थर सुंदर दिसत होता. बाईंनी आम्हाला चहा दिला.

बर्फ गेल्यावर बाईंचा फोन आला. जिथे चाकं थांबतात तिथे कोटिंग उचललं होतं, वाफाळलेल्या पाकिटावरच्या तिकिटासारखं. मालक स्वतः आला. उकिडवा बसला, बोटानं एक कड उचलली. हातभर लांब पट्टा आवाज न करता सुटून आला.

"घासणी नीट झाली होती का?" त्यानं मला विचारलं.

त्या वेळी एक वाक्य बोलायचं होतं. मी गॅसचा हीटर लावला, एवढंच. माझी जागा गेली असती, कदाचित नसतीही. मी म्हणालो, "घासणं कमी पडलं असेल."

घासू दारात होता, खांद्यावर मशीनची केबल. त्यानं ऐकलं. केबल खाली ठेवली. मालकानं त्याच्याकडे वळून विचारलं, "काय रे?" तो माझ्याकडे बघत होता. मी पाणी जायच्या जाळीकडे बघत होतो.

"पुन्हा घासतो," तो म्हणाला.

सगळं कोटिंग त्यानं एकट्यानं काढलं. काढताना एक पापुद्रा उचलून उलटा केला, दारातल्या उजेडात धरला, आणि शर्टाच्या खिशात ठेवला. त्याच्या मागे काय असणार, हे मला न बघता माहीत होतं. कोबा घासलेला नसता तर मागची बाजू गुळगुळीत असती. कोब्यावर त्याचे ओरखडे होते, तेव्हा मागे त्यांचाच ठसा असणार, आडवा आणि उभा. वाफेमुळे थर चिकटला नव्हता, पण ठसा घेतला होता. तो पापुद्रा मालकापुढे धरला असता तर विषय तिथेच संपला असता. माझाही.

त्यानं धरला नाही. कारण विचारायची मला हिंमत झाली नाही. त्याची ताई माझ्या घरात होती, हेच असावं.

दुसरी टोळी दुसऱ्याला मिळाली. घासू पुढची पंधरा वर्षं माझ्याच हाताखाली घासत राहिला. दोन फेऱ्या, भिंतीपर्यंत, सहा तास. आमच्याकडे जेवायला यायचा. बायको ताट वाढताना टोमणा मारायची, "मुख्य होणार होतास ना रे? एक कोबा नीट घासता आला नाही?" तो म्हणायचा, "ताई, आमटी वाढ, भाषण नंतर." सगळे हसायचे. मी खाली मान घालून जेवायचो. प्रत्येक वेळी ठरवायचो की आज बोलतो. बायकोसमोर नको, एकट्यात सांगू. एकट्यात भेटला की वाटायचं, आता जुनं कशाला उकरायचं. दोन्ही वेळा मी काम चुकवत होतो. दुसऱ्या कुणी कामावर असं केलं असतं तर मी त्याला घरी पाठवलं असतं.

तो गेल्यानंतर महिन्याभरानं वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, हत्यारं न्यायला बोलावलं. त्यांच्या गॅरेजमध्ये मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. एरवी आम्ही पुढच्या दारानं जायचो. कोबा उघडा होता. मधोमध मिठानं खड्डे पाडलेले. पण भिंतीलगत, जिथे चाक कधी गेलं नाही, तिथे घासल्याच्या रेघा स्पष्ट होत्या. दोन्ही दिशांनी. थेट भिंतीपर्यंत.

"हे घासून थर का नाही दिला?" मी विचारलं.

"थर तुमचं काम ना?" वहिनी म्हणाल्या. "मी दरवर्षी मागे लागायचे. तर हे म्हणायचे, मी माझं करून ठेवलंय, भाऊजींना वाटेल तेव्हा ते येतील."

"मला कधी बोलला नाही."

"मीही तेच म्हटलं, बोला की त्यांना. तर म्हणे, सांगून आणलेलं नको."

हत्यारांच्या पेटीत गुडघ्याची पॅड होती, मधे चपटी झालेली. फडक्यात गुंडाळलेला आरसा होता. आणि एका पत्र्याच्या डबीत तो पापुद्रा. मी तो उलटा केला नाही. खिशात ठेवला.

घरून मालकाला फोन केला. त्याला आधी ओळखच पटेना.

"घासूनं कोबा नीट घासला होता," मी म्हणालो. "शिक्षिकाबाईंचा. हीटर मी लावला होता, गॅसचा."

"कुठला कोबा? अरे, कंपनी विकून सहा वर्षं झाली. तब्येत बरी आहे ना तुझी?"

"तेवढं लक्षात ठेवा."

"बरं, बरं," तो म्हणाला. आवाजावरून कळलं की फोन ठेवेपर्यंतसुद्धा त्याच्या लक्षात राहणार नाही.

उन्हाळा लागल्यावर मी मशीन भाड्यानं आणलं आणि वहिनींचा कोबा घ्यायला गेलो. मी थर देणारा माणूस. घासणं मी आयुष्यात जेमतेम दहा वेळा केलं असेल. अडुसष्टाव्या वर्षी नव्वद किलोचं मशीन काय असतं ते कळलं. खड्डे भरून घेतले. दोन फेऱ्या मारल्या. भिंतीलगत त्याची पॅड बांधून बसलो. त्याला सहा तास लागायचे. मला तीन दिवस लागले, आणि तरी एका कोपऱ्यात त्याच्याइतकं साधलं नाही.

तिसऱ्या दिवशी बायको डबा घेऊन आली. "या वयात हे काय खूळ?" म्हणाली. मी पापुद्रा तिच्या हातात दिला.

"उलटा करून बघ."

तिनं नख फिरवलं. "रेघा आहेत. कसल्या?"

"तुझ्या भावाच्या."

मग सगळं सांगितलं. हीटर, आरसा, मालकाचा प्रश्न, माझं उत्तर. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

तिनं रेघांवरून पुन्हा नख फिरवलं. मग म्हणाली, "पंधरा वर्षं मी त्याला टोमणे मारले. तुम्ही समोर जेवत होता."

तिनं डबा खुर्चीवर ठेवला, पापुद्रा पदराखाली धरला आणि वहिनींकडे आत गेली.

मी आरसा कोब्यावर ठेवला. अर्ध्या तासानं उचलला. स्वच्छ होता. थर द्यायला हरकत नव्हती, रंग कालवायचाच बाकी होता. मी बादली बंद केली आणि दार सताड उघडं ठेवलं. त्यानं एक दिवस मागितला होता. थर दुसऱ्या दिवशी दिला. बायको बघायला आली नाही.