बॅटरीच्या दिवटीपुढे गोंधळ

रंगराव चाकणला एका कंपनीत प्रेसवर पत्रा दाबतो आणि सुट्टीच्या दिवशी गोंधळ घालतो. घराणंच गोंधळ्यांचं. मशीनच्या दणदणाटात त्याचे कान गेले, गळा मात्र शाबूत आहे. मी चिमाजी, त्याचा संबळवाला. पिंपळे गुरवात आमच्या खोल्या भिंतीला भिंत लागून आहेत. त्याचं आख्यान हजारदा ऐकलं असेल, तरी त्यातल्या अनुभूती नावाच्या बाईने देवीला मारलेली हाक आली की माझा हात आजही अडखळतो.

गेल्या लग्नसराईत ताथवड्याच्या एका हॉलमध्ये मात्र जे पाहिलं, त्याची नुसती आठवण झाली तरी शिसारी येते.

बोलावणं कुसुमताईंचं होतं. त्या मूळच्या धाराशिवकडच्या. मुलगा अजिंक्य लहानपणी तापाने हातचा जाऊ लागला, तेव्हा त्या तुळजापूरच्या आईला नवस बोलल्या होत्या, की पोर जगू दे, त्याच्या लग्नात तुझा गोंधळ घालीन. पोर जगलं, शिकलं, आयटीत लागलं, आणि त्या शहाण्याने नवसाचं पॅकेज केलं. स्टार्टर, मग गोंधळ, मग डीजे.

करिष्मा नावाच्या इव्हेंटवालीने दारातच आमची दिवटी काढून घेतली. हॉलमध्ये धूर चालत नाही म्हणे. बदल्यात तिने एक प्लास्टिकची दिवटी दिली. आत बॅटरी, पंखा, वर फडफडणारं भगवं कापड. रंगरावने ती मेलेला उंदीर धरावा तशी दोन बोटांत धरली. कुसुमताईंनी मान खाली घातली, म्हणून तो ती घेऊन आत गेला.

त्याने तुळजापूर, कोल्हापूर, माहूर, जेजुरी अशी गावोगावची दैवतं नाव घेऊन बोलावली. आमच्यात रीत अशी, की बोलावलेला देव आख्यान पुरं झाल्यावर नाव घेऊनच वाटेला लावायचा. अर्ध्यात उठलं तर देव ताटकळतात आणि नवस फिटत नाही. इथे देव येत होते आणि लोक पनीर चघळत होते. नवरदेवाच्या एका दोस्ताने रंगरावच्या गळ्यातली कवड्यांची माळ उचलून स्वतःच्या गळ्यात घातली आणि जीभ काढून रील बनवलं. थू त्याच्या जिनगानीवर!

आख्यान रंगात आलं. अनुभूती तान्हं पोर घेऊन तपाला बसलेली, कुकुर राक्षस तिच्या अंगावर चाल करून आलेला. तिने उठून, हात वर करून देवीला हाक मारली, आणि माइक बंद झाला. काका, एवढं बास, लोक कंटाळलेत, असं अजिंक्य हसत हसतच म्हणाला. पाठोपाठ डीजे सुरू झाला.

दारात ठेवलेली आमची दिवटी परत घेऊन आम्ही पार्किंगमध्ये आलो. रंगराव अंगातला झगा काढेना.

"बाई तशीच उभी हाय, चिमाजी," तो म्हणाला. "राक्षस म्होरं, अन् आई आजून आली न्हाई."

तेवढ्यात कुसुमताई आल्या. अंगावर पैठणी, हातात दिवटी शांत करायला दुधाची वाटी. जनरेटर आणि खरकट्याच्या पिंपांमध्ये त्यांनी बसकण मारली आणि उरलेलं सांगायला सांगितलं. नासक्या रश्श्याचा भपकारा येत होता. तरी मी संबळ बांधला.

रंगरावने आमची खरी दिवटी पेटवली. ती नवरदेव मुलाने धरायची असते. तो आत नाचत होता, म्हणून त्यांनीच धरली. पैठणीवर तेल ठिबकलं, त्यांनी पाहिलंही नाही. देवी धावत आली, राक्षस पडला, अनुभूतीचं पोर वाचलं. कुसुमताई पदर डोळ्यांना लावून ऐकत होत्या.

मग तो देवांना वाटेला लावू लागला. जेजुरी झालं, माहूर झालं, कोल्हापूर झालं. तुळजापूरचं नाव घेणार, तोच कुसुमताईंनी त्याचा हात धरला.

"आईला तेवढं नका लावून देऊ," त्या म्हणाल्या.

त्याला ऐकू गेलं नाही. त्या त्याच्या कानाशी वाकल्या.

"पोरगं आजून आतच हाय."

रंगरावने माझ्याकडे पाहिलं. मग दुधाची वाटी हळूच बाजूला सारली आणि दिवटीत तेल घातलं.