आईची सहा किलोंची सॅक

आठ दिवसांत सगळी बौद्ध स्थळं दाखवणारी सहल आईने एका वाक्यात निकालात काढली. "बोधगयेला दीड तास आणि साड्यांच्या दुकानात दोन तास, असल्या सहलीला मी येत नाही." तिला बोधिवृक्षाखाली सलग तीन दिवस बसायचं होतं. शिवाय सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी. घाई नको, घोळका नको, सोबत फक्त मी.

तीस वर्षं दवाखान्यात आया म्हणून राबलेल्या या बाईने आयुष्यात माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं. नाही कसं म्हणणार? मी पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात कंत्राटावर आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या धायरीहून तिथे जाण्यायेण्यातच माझा अर्धा जीव जातो. रजा मिळाली एकवीस दिवसांची, पण बिनपगारी.

मग मी कागद घेऊन बसले. रेल्वेचा स्लीपर, पुढे सरकारी बस, विहारांच्या अतिथिगृहात मुक्काम, पहिले दोन दिवस घरच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. तरीही गणित जमेना. शेवटी हमाल, रिक्षा आणि टॅक्सीवर काट मारली, तेव्हा कुठे एकवीस दिवस बसले. आपलं सामान आपण उचलायचं, असा नियम मी कागदाच्या डोक्यावर लिहिला. नियम करायला मला फार आवडतं. पाळायला बहुतेक वेळा दुसरं कुणीतरी असतं.

आईचे गुडघे गेलेत हे मला माहीत होतं. डॉक्टरांनी ते बदलायला सांगितले होते. "आधी जाऊन येऊ," आई म्हणाली होती, "गुडघे कुठे पळून जातात?" मी हसले आणि तिकिटं काढली.

आणि मग तालीम सुरू केली. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. रोज सकाळी सात वाजता लिफ्टने खाली जायचं आणि सॅक पाठीवर घेऊन जिन्याने वर यायचं. माझ्या सॅकमध्ये नऊ किलो, तिच्या सहा. मी पुढे, ती मागे. तळमजल्यावरचे काका पेपर वाचता वाचता रोज सांगायचे, "लिफ्ट चालू आहे हं." मी रोज म्हणायचे, "हो, आम्ही त्यातूनच खाली आलो."

पहिल्या दिवशी ती वर पोहोचली तेव्हा तिच्या ओठांवर रंग नव्हता. दुसऱ्या दिवशी मात्र बरी दिसली. आठवड्याने तर माझ्या मागोमाग, न थांबता, दारात हजर. कॉलेजात मी सगळ्यांना सांगत सुटले की नुसत्या सवयीने माणूस किती सुधारतो, पासष्टाव्या वर्षीसुद्धा. डॉक्टरांना काय कळतं, असंही म्हणाले.

एका रविवारी आई विहारात वंदनेला गेली होती. तिची शाल सॅकमध्ये ठेवावी म्हणून मी खुर्चीवरची सॅक उचलली. सहा किलोंच्या हिशोबाने हिसका दिला आणि ती सरळ माझ्या हनुवटीवर आली. उघडली. वर एक साडी घडी करून ठेवलेली आणि खाली उशी. तिचे सगळे कपडे कपाटात जागच्या जागी होते.

आधी मला रागच आला. फसवते मला, या वयात? मग तो राग कुणावर काढायचा तेच कळेना. ती सुधारली यावर माझा इतक्या पटकन विश्वास बसला होता, कारण ती सुधारणं माझ्या बजेटला सोयीचं होतं. तीस वर्षं जिने चढून गेलेले गुडघे आठ दिवसांत बरे होत नाहीत, हे कळायला डॉक्टर लागत नाही.

मी पुन्हा कागद काढला. रिक्षा आणि हमाल धरले तर अकरा दिवसच बसत होते. म्हणजे लुंबिनी किंवा कुशीनगर, दोहोंपैकी एक जाणार, कदाचित दोन्ही. बुद्धाच्या जन्माचं ठिकाण गाळू की महापरिनिर्वाणाचं, असा विचार करत मी पेन हातात घेऊन बसले आणि मला रडू आलं. मग दोन्ही सॅक भरून, दोन्ही घेऊन जिना चढून पाहिला. दुसऱ्या मजल्यावर माझी कंबर धरली. काका खालून म्हणाले, "लिफ्ट चालू आहे हं." या वेळी मी तिथूनच लिफ्टचं बटण दाबलं.

आई आली तेव्हा उशी पलंगावर होती. तिने ती पाहिली, चप्पल काढली, पाणी प्यायली.

"पहिल्या दिवशी खरे कपडे होते," ती म्हणाली. "दुसऱ्या मजल्यावर बसले होते मी. बराच वेळ. तू पुढे होतीस."

"मग सांगायचं ना, आई."

"सांगितलं असतं तर तू तिकिटं रद्द केली असतीस." मग तिने विचारलं, "केली असतीस ना?"

केली असती. गुडघ्यांचं कारण सांगून, तिच्याच भल्यासाठी, आणि पैसे वाचले म्हणून आतून थोडी सुटले असते. हे तिला माहीत होतं याची मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सात वाजता ती सॅक पाठीला लावून लिफ्टपाशी उभी होती. मी सॅक उचलून पाहिली नाही. खाली गेल्यावर फक्त म्हणाले, "आज तू पुढे हो."

कठड्याला धरून ती एकेक पायरी चढत होती. आधी उजवा पाय, मग त्याच पायरीवर डावा. रोज ती अशीच चढत असणार. मी मागे होते म्हणून आज दिसलं. दुसऱ्या मजल्यावर ती पायरीवर बसली आणि सॅक तिच्या बाजूला धप्पकन टेकली. आज आत कपडे होते.

मी तिच्याशेजारी बसले. निघायला अठरा दिवस राहिले होते.

"चल," ती म्हणाली, पण उठली नाही.